पश्चिमेची भिंत

माझ्या पुतण्यानें गेल्या वर्षीं भोरच्या उत्तरेस, वेळवंडी नदीच्या खोऱ्यांत, भाटघरच्या जलाशयाच्या कांठीं थोडी जागा घेतली. जागा फार नाहीं, वीस गुंठे. पण पुण्यांत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसास वीस गुंठे म्हणजे एक संस्थानच वाटतें. भोर हें एके काळीं खरोखरच संस्थान होतें. त्यामुळें त्याच्या बोलण्यांत थोडा दरबारी थाट आला असल्यास तो क्षम्य समजला पाहिजे. त्यानें एका तरुण वास्तुशिल्पज्ञाकडून घराचे नकाशे काढून घेतले आणि एका रविवारीं ते मजपुढें पसरले. मला या शास्त्रांतलें कांहीं कळत नाहीं. परंतु घरांतील वडील माणसास नकाशा दाखविल्यावांचून पाया खणूं नये, एवढा शिष्टाचार आमच्याकडे अजून उरला आहे.

नकाशा सुंदर होता. मधोमध चौक, चौकांत बकुळीचें झाड, भोंवतीं खोल्या, दगडी जोतें, वर कौलें. आणि पश्चिमेच्या अंगास मुळीं भिंतच नाहीं. जोत्यापासून वाशांपर्यंत सलग कांच, आणि तिच्यांतून पाणी व पलीकडचे डोंगर दिसावे अशी योजना. कागदाच्या कोंपऱ्यांत शिल्पज्ञानें लिहिलें होतें कीं, हें घर शहरी जीवन आणि निसर्ग यांस जोडील. मीं 'छान आहे' म्हटलें, आणि तें खोटें नव्हतें. पण पुतण्या निघून गेल्यावर त्या 'जोडील' या क्रियापदानें माझी पाठ सोडली नाहीं. दोन वस्तु जोडावयाच्या म्हटलें म्हणजे त्या आधीं तुटलेल्या असल्या पाहिजेत. त्या कोणीं तोडल्या, केव्हां तोडल्या, आणि या जोडणीविषयीं दुसऱ्या बाजूस कोणीं कांहीं विचारलें आहे काय, हे प्रश्न मग ओघानेंच येतात.

घरानें सृष्टीला आंत घ्यावें ही कल्पना आपणांस नवी नाहीं. पेशवाईंतील पुण्याचा वाडा बाहेरून पाहिला तर अगदीं अबोल. रस्त्याकडे उंच भिंत, तींत एक जाड दरवाजा आणि वर लहानशा खिडक्या. परंतु आंत पाऊल टाकलें कीं चौकांत आकाश उतरलेलें असे. तुळशीवर ऊन येई, पाऊस चौकांतच पडे, आणि अठराव्या शतकांत कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पेठांतल्या हौदांत आणलें तेव्हांपासून डोंगरचें पाणीहि गांवांत खेळूं लागलें. भोरचा राजवाडा १८६९ सालचा. त्याच्या दर्शनी भागावर युरोपीय शिल्पाची छाप आहे, तरी आंतील रचना चौकांचीच आहे. या सर्व घरांना आकाश हवें होतें; 'देखावा' नको होता. खिडकीजवळ खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसणें हा उद्योग त्या वेळच्या कोणा गृहस्थास सुचला असता, तर त्याच्या प्रकृतीविषयीं घरांत काळजी उत्पन्न झाली असती.

आमचाहि भोरांत एक लहानसा वाडा होता. आजोबा संस्थानच्या नोकरींत होते. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, कचेऱ्यांचें स्वरूप पालटलें, आणि वडील पुण्यास आले. पुढें आम्ही भाऊ शिकलों, नोकऱ्यांस लागलों, आणि दरवर्षी कौलें चाळण्यास कोणीं जावयाचें यावरून एकमेकांस पत्रें लिहूं लागलों. शेवटीं एके वर्षीं मागील सोपा पावसांत बसला. मग आम्हीं तो वाडा विकला. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पुतण्याच्या नकाशावर टीका करणारा मी कोणत्या जागेवर उभा आहें तें वाचकांस आधींच कळावें. त्याच्या नकाशांत जो चौक कागदावर काढलेला होता, तसाच खराखुरा चौक आम्हीं तिघां भावांनीं सही करून दुसऱ्याच्या हवालीं केला आहे.

पण भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागांतलें मूळचें घर म्हणजे वाडा नव्हे. (वेल्हे तालुक्याचें नांव अलीकडे राजगड असें ठेवण्यांत आलें आहे, माझ्या तोंडांत अजून जुनेंच बसलेलें आहे.) मावळांतील शेतकऱ्याचें घर ठेंगणें, उतरत्या छपराचें. त्याच्या भिंती बहुधा कुडाच्या. कारवीच्या काठ्या विणून त्यांवर शेणामातीचा गिलावा दिलेल्या. सात वर्षांनीं कारवी फुलली म्हणजे आतां शहरांतून लोक मोटारी भरभरून ती पाहावयास जातात; त्या रानाच्या काठ्या येथें पिढ्यान् पिढ्या भिंतींत उभ्या आहेत, ही गोष्ट त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. गुरें त्याच छपराखालीं. चुलीचा धूर वाशांतून फिरून कौलांतून बाहेर पडावयाचा. त्यानें डोळे चुरचुरतात खरे, पण लांकडाला कीड लागत नाहीं आणि माळ्यावरचें सरपण पावसाळाभर कोरडें राहतें. ज्येष्ठ लागण्यापूर्वीं घर शाकारावयाचें आणि ज्या अंगानें पाऊस मारतो त्या अंगास गवतापानांचा आडोसा बांधून तें बंद करून टाकावयाचें. तें अंग कोणतें? पश्चिमेचें. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रि ओलांडून पाऊस त्याच बाजूनें आडवा फेंकतो.

म्हणजे ज्या बाजूस माझ्या पुतण्याची कांच उघडणार, त्याच बाजूस येथला जुना रहिवासी पाठ करून बसलेला. या गोष्टीवर मीं बराच विचार केला. हा अडाणीपणा म्हणून सोडून देतां येत नाहीं. उन्हाळ्यांत राब भाजावयाचा, आषाढांत अंगावर इरलें घेऊन गुडघाभर चिखलांत वांकून भाताची लावणी करावयाची, गुरांमागें डोंगर चढावयाचा, लांकूडफांटा आणावयाचा. ज्याचा सबंध दिवस पावसाच्या, जमिनीच्या आणि जनावरांच्या मर्जीप्रमाणें जातो, त्याला संध्याकाळीं या सर्वांपासून क्षणभर सुटका हवी असते, आणि ती सुटका म्हणजेच त्याचें घर. उलट, ज्याचा दिवस कृत्रिम थंडाव्यांत, दिव्याखालीं, पडद्याकडे बघण्यांत जातो, त्याचें घर त्याला जें दिवसभर मिळालें नाहीं तें देण्यासाठीं असतें. एकाला भिंत हवी, दुसऱ्याला कांच हवी. दोघांचीहि गरज खरी आहे, आणि तिच्यासाठीं कोणास हसण्याचें कारण नाहीं. आमच्यासारख्या पेन्शनरांस तर मुळींच नाहीं. आमच्या घरांत निसर्ग म्हणजे गच्चींतल्या चार कुंड्या, आणि त्यांतील दोन वाळलेल्या.

येथें शब्दाकडेहि थोडें लक्ष दिलें पाहिजे. 'निसर्ग' हा शब्द मीं त्या खोऱ्यांत कोणा शेतकऱ्याच्या तोंडून सहज बोलण्यांत ऐकलेला नाहीं. तेथें रान आहे, माळ आहे, खाचर आहे, ओढा आहे, कडा आहे. पावसाचीं निरनिराळीं नांवें आहेत. या सर्वांची एक मोट बांधून तिला एकच नांव देण्याची निकड त्याला कधीं भासली नाहीं. संस्कृतांत निसर्ग म्हणजे मुख्यतः स्वभाव, अंगचा धर्म. आपण मराठी सुशिक्षितांनीं तो शब्द बाहेरच्या सृष्टीला लावला. जो मनुष्य रानांतून बाहेर पडून दुरून मागें वळून पाहतो, त्यालाच सगळें रान एकदम दिसतें, आणि मग त्याला एक नांव लागतें.

अर्थात् कांचेच्या भिंतीपेक्षां खोल विचार केलेले शिल्पज्ञ झालेच नाहींत असें नाहीं. अमेरिकेंत पिट्सबर्ग शहरांतील एका मोठ्या दुकानाचे मालक एडगर कॉफमन यांनीं १९३५ च्या सुमारास फ्रँक लॉइड राइट याजकडून सुटीच्या दिवसांसाठीं रानांत घर करून घेतलें. तेथील धबधबा मालकाच्या फार आवडीचा. घरांतून तो समोर दिसावा अशी त्यांची अपेक्षा. राइटनें घर धबधब्याच्या समोर न बांधतां त्याच्या माथ्यावरच बांधलें. सज्जे प्रवाहावर पुढें आलेले. त्यामुळें दिवाणखान्यांत बसलें असतां धबधबा दिसत नाहीं, फक्त अहोरात्र ऐकूं येतो. पाहण्याच्या वस्तूचा मनुष्य हां हां म्हणतां कंटाळा करतो, सोबतीच्या वस्तूचा करीत नाहीं, हें त्या म्हाताऱ्यानें ओळखलें होतें. घर गळत असे, पुढें आलेले सज्जे वांकले, आणि २००२ सालीं ते मोठ्या खटपटीनें सांवरावे लागले, हा भाग निराळा. याच राइटजवळ राहून शिकलेले नारी गांधी हे आपल्या इकडचे. १९९३ सालीं ते वारले. अलिबागजवळ आवास येथें आणि अन्यत्र त्यांनीं जीं घरें केलीं, त्यांसाठीं सविस्तर नकाशे काढून ते गवंड्याच्या हातीं देण्याची त्यांची रीत नव्हती. जागेवर राहून, दगड हातांत घेऊन, कारागिरांच्या संगतीनें घर वाढवीत न्यावयाचें. झाड मध्यें आलें तर झाड न हलवितां घर हलवावयाचें. माझ्या समजुतीप्रमाणें यांत शिल्पकलेइतकाच विनयाचा भाग आहे. पण या सर्व उदाहरणांत, माझ्या पुतण्याच्या घराप्रमाणेंच, एक बाजू मूक आहे. झाडाचें ऐकलें, दगडाचें ऐकलें, पाण्याचें ऐकलें; त्या जागेवरून काल-परवांपर्यंत जो मनुष्य चालत होता त्याचें काय?

आतां त्या पाण्याकडे येऊं. कांचेंतून जें दिसणार तें सरोवर फार रम्य आहे यांत संशय नाहीं. श्रावणांत तें तुडुंब भरतें, पलीकडच्या डोंगरांवरून पांढऱ्या रेघा उतरतात, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं सृष्टीच्या आरंभापासून हें असेंच असेल. तें असें शंभर वर्षांहूनहि थोडें आहे. भाटघरला एक जुनें धरण होतेंच. त्याजागीं मोठें नवें धरण १९२० नंतरच्या दशकांत पुरें झालें आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव दिलें. तें पाणी नीरेच्या कालव्यांनीं खालच्या कोरड्या मुलखांत, बारामतीकडे जातें; तिकडे त्यानें ऊंस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, संसार उभे राहिले. येथें त्यानें खोऱ्यांतील उत्तम भातजमीन आणि नदीकांठचीं घरें झांकून टाकलीं. कांबरे गांवचें कांबरेश्वराचें देऊळ वर्षांतील बहुतेक महिने या पाण्याखालीं असतें. वैशाखाच्या सुमारास पाणी ओसरलें म्हणजे तें वर येतें, लोक दर्शनास जातात, आणि पाऊस लागला कीं देव पुन्हां बुडतो.

तात्पर्य, जो देखावा घरांत आणावयाचा तो पूर्वीं कोणाचें तरी अंगण होतें. वैशाखांत तर तोहि देखावा राहत नाहीं. पाणी दूर जाऊन कांचेसमोर तडकलेला गाळ पसरतो, आणि दुपारचें ऊन पश्चिमेकडून सरळ आंत येऊन खोलीची भट्टी होते. मग पडदे ओढावे लागतात व यंत्रानें हवा थंड करावी लागते. म्हणजे नवव्या मजल्यावर जें होतें तेंच. ही अडचण मीं पुतण्यास सांगितली. तो हंसून म्हणाला, "काका, त्यावर उपाय आहेत. छपराची पुढची कड वाढवितां येते." उपाय आहेत खरेच. अडचण खोलीच्या उष्म्याची असती तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें.

मला येथें थोरोची आठवण होते. रानांतील घर म्हटलें कीं शिकलेल्या माणसास तो आठवतोच. १८४५ च्या ४ जुलैस हा अमेरिकन तत्त्वज्ञ वॉल्डन नांवाच्या तळ्याकांठीं, एमर्सन या आपल्या मित्राच्या जमिनीवर, स्वतः बांधलेल्या एका खोलीच्या घरांत राहावयास गेला आणि दोन वर्षें दोन महिने राहिला. गरजा कमी करून माणसानें आपलें जिणें आपल्या हातीं घ्यावें, हा त्याचा प्रयोग जगभर गाजला. घराचा खर्च त्यानें पैपैचा लिहून ठेवला आहे: सव्वाअठ्ठावीस डॉलरांच्या आंतच. पण या हिशेबांत एक कलम असें आहे कीं तें वाचून मी नेहमीं थबकतों. भिंतींसाठीं लागणाऱ्या फळ्या त्यानें नव्या घेतल्या नाहींत. तळ्याजवळून आगगाडीचा रस्ता झाला होता, त्यावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नांवाच्या आयरिश मजुराची झोंपडी त्यानें सव्वाचार डॉलरांस विकत घेतली. ठरलें असें कीं, मजुरानें दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचास जागा सोडावी आणि सहास थोरोनें ताबा घ्यावा. सहा वाजतां थोरोला तें कुटुंब रस्त्यांतच भेटलें. एका मोठ्या गांठोड्यांत सगळा संसार: अंथरूण, कॉफी दळण्याचें यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी बरोबर नव्हती. ती रानांत गेली आणि पुढें सापळ्यांत सांपडून मेली, असेंहि त्यानेंच लिहिलें आहे.

थोरोनें कोणास फसविलें नाहीं. किंमत ठरली, पैसे दिले, फळ्या उन्हांत वाळविल्या. लिहिलेंहि प्रामाणिकपणें, लपविलें असतें तर आपणांस कळलेंच नसतें. तरी प्रश्न उरतो तो उरतोच. माणसाच्या साधेपणाचें जें घर जगाला आदर्श झालें त्याच्या भिंती दुसऱ्या एका कुटुंबाच्या भिंती होत्या, आणि तें कुटुंब त्या सकाळीं कोठें गेलें, हें त्या पुस्तकांत नाहीं. थोरोचें रानाशीं नातें जडलें. कॉलिन्सचें तें होतें किंवा नाहीं याची कोणीं चौकशी केली नाहीं, कारण तो तेथें निसर्गासाठीं राहत नव्हता, मजुरीसाठीं राहत होता.

हें सर्व मीं पुतण्यास जेवतांना सांगितलें. म्हातारपणीं माणसास जेवतांना बोलण्याची खोड लागते. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग मला जें उत्तर दिलें तें येथें लिहिलें नाहीं तर माझी बाजू अप्रामाणिक होईल. तो म्हणाला, "ज्यानें जागा विकली त्यानें खुषीनें विकली. त्याचे मुलगे पुण्यांत नोकरी करतात. त्यांना भात लावावयाचा नाहीं. तुम्हीं वाडा विकला तेव्हां घेणाऱ्यास तुम्हीं दोष दिला नाहीं. आणि काका, तुम्ही जें पाणी पितां तें कोठून येतें? वेल्ह्यांतूनच ना? मी निदान तेथें जाऊन राहूं म्हणतों. तुम्ही नळ उघडतां आणि बंद करतां."

हातांतला घांस हातांतच राहिला. कारण हें अक्षरशः खरें होतें. पुण्याच्या नळाला खडकवासल्याचें म्हणून जें पाणी येतें, त्याच्या मागें पानशेत आणि वरसगांव हीं धरणें आहेत. आंबी आणि मोसे या नद्यांचीं खोरीं त्यांनीं भरलीं. तेथलीं गांवें उठलीं, शेतें बुडालीं, माणसें दुसरीकडे नेऊन वसविलीं. पुणेकराला पानशेतचें नांव आठवतें तें १२ जुलै १९६१ साठीं. त्या दिवशीं पुरें न झालेलें तें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासलाहि गेलें, आणि नदीकांठच्या पेठांतले वाडे मातीच्या ढिगाऱ्यासारखे बसले. त्या पुराच्या गोष्टी आमच्या पिढीच्या प्रत्येक घरांत आहेत: कोण कोणत्या गच्चीवर चढला, कोणाचीं भांडीं कोठें सांपडलीं. परंतु धरण फुटण्यापूर्वीं, तें भरावें म्हणून ज्यांचीं घरें गेलीं त्यांची एकहि गोष्ट मला ठाऊक नाहीं. आमच्या घरांत पूर एक दिवस आला. त्यांच्या घरांत आलेलें पाणी परत गेलेंच नाहीं. आणि धरणांच्या वरच्या वाड्यांतून उन्हाळ्यांत बायका हंडे घेऊन अजून चालतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण कोणा विनोदी लेखकानें बसून रचलेली नाहीं.

शहरी जीवन आणि निसर्ग यांस जोडणारी वस्तु, तर, पुतण्याच्या घराआधीं कित्येक वर्षें माझ्या मोरींत बसविलेली आहे. जोडणी कधीं तुटलेलीच नव्हती. ती एकतर्फी होती, एवढेंच. आणि एकतर्फी असल्यामुळें दिसत नव्हती. मी पुतण्याकडे आतां निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. त्याच्या कांचेच्या भिंतीस मीं जो दोष देत होतों तो वस्तुतः असा होता कीं, तिनें बघण्याचें सुख मिळतें आणि देणें कांहीं लागत नाहीं. पण मग माझ्या नळाचें काय? तो तर बघण्याचेहि कष्ट देत नाहीं. जो तेथें जाऊन राहतो, महिन्यांतून चार दिवस कां होईना, त्याला निदान देणेंकरी समोर उभा राहून विचारूं शकतो. मला कोण विचारणार?

न्यायाच्या भाषेंत बोलावयाचें तर पुतण्याकडून कोणाचें कांहीं येणें नाहीं. मीहि वकिली पक्ष करीत नाहीं. परंतु कायद्यानें फिटलेलें देणें आणि शेजारानें फिटलेलें देणें हीं एक नव्हेत. गांवांत नवें घर येतें म्हणजे एक चूल वाढते एवढेंच नव्हे. विहिरीवर, वाटेवर, जत्रेच्या वर्गणींत, मयताच्या खांद्यांत एक माणूस वाढतो. आमच्या आजोबांच्या वाड्याला हें सर्व होतें. तेथें निसर्गप्रेम नव्हतें, पण वाडा गांवाशीं शंभर धाग्यांनीं बांधलेला होता. शनिवार-रविवारच्या घराला हे धागे कसे बांधावयाचे, हा प्रश्न मला कांचेच्या व कौलाच्या प्रश्नापेक्षां अवघड वाटतो, आणि त्याचें उत्तर नकाशांत कोणत्या रंगानें दाखवितात हें मला ठाऊक नाहीं.

ज्येष्ठाच्या तोंडावर पुतण्यानें मला जागा दाखवावयास नेलें. जमिनीवर पांढऱ्या फक्कीनें पायाच्या रेघा मारलेल्या होत्या. हा दिवाणखाना, हा चौक, ही कांच. मी चौकांत उभा राहून बकुळीच्या जागीं काठी टेंकली. पाणी फार खालीं गेलें होतें. इतक्यांत वरच्या वाडीकडून एक म्हातारी पांच-सहा म्हशी घेऊन उतरत आली आणि वाटेनें सरळ चालत, पहिली रेघ ओलांडून, दिवाणखान्यांतून, कांचेंतून पलीकडे पाण्याच्या बाजूस निघाली. ती वाट नकाशांत नव्हती. जमिनीवर मात्र ती स्पष्ट होती. इतक्या खुरांनीं इतकीं वर्षें तुडविलेली कीं तिच्यावर गवत उगवलें नव्हतें. आम्हांस पाहून म्हातारी थांबली.

"पाव्हनं, हितं काय हुनार?"

"घर," पुतण्या म्हणाला.

"बरं हाय." तिनें फक्कीकडे पाहिलें. "आन् म्हशी कुठनं जायाच्या?"

पुतण्यानें उत्तरेच्या हद्दीकडे बोट दाखविलें. शिल्पज्ञानें तिकडून फिरवून वाट देतां येईल असें म्हटलें होतें. म्हातारीनें तिकडे पाहिलें आणि डोकें हालविलें. तिकडे ओघळ होती. पावसांत तींतून गुडघ्याच्या वर पाणी धांवतें, जनावराचा पाय घसरतो, मागें एक गाभण म्हैस तेथेंच पडली, असें तिनें सांगितलें. तक्रारीच्या सुरांत नव्हे. परक्या माणसास मुलखाची माहिती द्यावी तसें. आणि म्हशी पुढें गेल्या म्हणून ती त्यांच्यामागें गेली.

परत येतांना पुतण्या कापूरहोळपर्यंत एक शब्द बोलला नाहीं. वहिवाटीची वाट अडवितां येत नाहीं, मामलेदाराकडे दाद मागतां येते, हें मला ठाऊक होतें. पण मी तें बोललों नाहीं, कारण त्याला भीति कायद्याची वाटत नव्हती. कापूरहोळला चहासाठीं गाडी थांबविली, तेव्हां त्यानें नकाशा गाडीच्या पुढच्या पत्र्यावर पसरला आणि मजजवळ पेन्सिल मागितली. घर दक्षिणेस चोवीस फूट सरकलें. बकुळ राहिली, चौक राहिला. वाट आतां घराच्या पश्चिम अंगानेंच जाते; त्यामुळें तेथें सबंध कांच ठेवणें शक्य नाहीं, म्हशींस तोंड देऊन कोणी दिवाणखान्यांत बसत नाहीं. तेथें दगडी भिंत आली, तींत दोन बेताच्या खिडक्या, आणि भिंतीला लागून वाटेकडे तोंड केलेला एक लांब ओटा. पाणी आतां त्या दोन खिडक्यांतून दिसेल तेवढेंच दिसेल.

शिल्पज्ञास हा फेरफार फारसा रुचलेला नाहीं. घराचा मुख्य विचारच गेला असें त्याचें म्हणणें, आणि त्याच्या बाजूनें तें बरोबर आहे. सूनबाईंस ओट्यासमोर रोज पडणाऱ्या शेणाची चिंता आहे. शिवाय आठवडाभर घर बंद राहणार, तेव्हां वाटेच्या तोंडाशीं रात्रीपुरतें एक फाटक असावें असा त्यांचा आग्रह आहे. त्याची किल्ली वरच्या वाडीवर ठेवावी असें पुतण्या म्हणतो. ज्याला किल्ली द्यावयाची त्याला फाटक कशाला, असें सूनबाई विचारतात. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि दिवाळीनंतर पायाचें काम सुरू व्हावयाचें आहे.